अठ्ठावीस दिवसांची खोली : डॉक्टरकीचं शिक्षण आणि परगावचा निवारा

वैद्यकशिक्षणाच्या इतिहासात आपण साधारणपणे शोध, रोग, मोठे डॉक्टर, मोठी हॉस्पिटलं यांच्याविषयी बोलतो. आज एका अगदी साध्या प्रश्नाकडे पाहायचं आहे. शिकायला परगावी गेलेला विद्यार्थी रात्री झोपतो कुठे?

प्रश्न किरकोळ वाटतो. पण आमचं म्हणणं असं आहे, की कोणाला डॉक्टर होता आलं, कुठे होता आलं आणि कोणाला ते जमलं नाही, याचा बराचसा हिशेब या प्रश्नापाशी येऊन थांबतो.

सुरुवात आजच्या अमेरिकेपासून करू, म्हणजे मागे जाताना दिशा चुकणार नाही. तिथे वैद्यकीय महाविद्यालयाच्या चौथ्या, म्हणजे शेवटच्या वर्षात विद्यार्थी दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या विद्यापीठाच्या हॉस्पिटलात साधारण चार आठवडे काम करायला जातो. आपल्याकडे ज्याला पोस्टिंग म्हणतात तेच, पण परक्या घरी. तिथे त्याला अवे रोटेशन म्हणतात. अस्थिरोग, मेंदूची शस्त्रक्रिया, कान-नाक-घसा, त्वचारोग, इमर्जन्सी मेडिसिन अशा शाखांत जागा मिळवायची तर हे जवळजवळ धरूनच चालतात. कारण तो महिना नुसता शिकण्याचा नसतो. तिथले वरिष्ठ तुम्हाला पाहत असतात आणि शिफारसपत्र तिथूनच मिळतं. विद्यार्थी त्याला आपसात सरळ ‘ऑडिशन’ म्हणतात.

आता व्यवहार पाहा. हे महिने बहुतेक उन्हाळ्यापासून शरदाच्या सुरुवातीपर्यंतचे, कारण रेसिडेन्सीचे अर्ज सप्टेंबरात जातात. त्याच सुमारास, म्हणजे जुलैच्या आगेमागे, देशभरचे नवे रेसिडेंट आपापल्या हॉस्पिटलांजवळ बिऱ्हाड थाटत असतात. भाड्याचा करार सहसा वर्षाचा असतो. महिनाभरासाठी कोण देणार? आपल्या गावच्या खोलीचं भाडं चालूच राहतं, म्हणजे एका महिन्यात दोन भाडी. शस्त्रक्रियेच्या विभागात पहाटे पाचला वॉर्डात हजर राहायचं, तेव्हा बस नसते, म्हणून खोली जवळच हवी. आणि रोटेशन पक्कं झाल्याचा निरोप पुष्कळदा काही आठवडे आधीच येतो. मग पोटभाड्याची खोली शोधा, फोटो पाहून अनामत पाठवा, आणि ती खोली खरोखर आहे की फसवणूक, याची धास्ती घेऊन विमानात बसा.

एक गंमत आणखी आहे, आणि ती कायद्याची आहे. चार आठवडे म्हणजे अठ्ठावीस दिवस. न्यूयॉर्क शहरात तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीनं घर द्यायचं तर २०२३च्या सप्टेंबरपासून मालकाला नोंदणी करावी लागते आणि पाहुणा असेपर्यंत स्वतः त्याच घरात राहावं लागतं. कायदा केला तो घरांची हॉटेलं होऊ नयेत म्हणून, स्थानिक भाडेकरूंना घरं उरावीत म्हणून. हेतू चांगलाच आहे. पण अठ्ठावीस दिवसांचा विद्यार्थी दोन दिवसांनी हुकतो. हॉटेल परवडत नाही आणि भाडेकरू म्हणून कोणी धरत नाही.

हे सगळं आजचंच दुखणं आहे का? नाही. आता आठशे वर्षं मागे जाऊ.

युरोपात विद्यापीठं उभी राहिली तेव्हा त्यांच्याकडे इमारती फारशा नव्हत्या. होते ते गुरू आणि बाहेरगावचे विद्यार्थी. ११५८ साली सम्राट फ्रेडरिक बार्बारोसानं विद्येसाठी परदेशी फिरणाऱ्यांना संरक्षण देणारा हुकूम काढला. पुढे इटलीतल्या बोलोन्यात घरभाडं हा मोठा विषय झाला. एक विद्यार्थी राहत असलेल्या घरासाठी दुसऱ्यानं जास्त भाडं देऊन त्याला बाहेर काढू नये, हा तिथला नियम ११८९ साली पोपनं कायम केला. भाडी ठरवायला गावकरी आणि विद्यार्थी अशा दोन्ही बाजूंची माणसं नेमली जात.

इंग्लंडातही तेच. ऑक्सफर्डला १२०९ साली एका बाईच्या खुनावरून गावकऱ्यांनी काही विद्यार्थ्यांना फाशी दिलं आणि गुरु-शिष्य गाव सोडून गेले. १२१४ साली तडजोड झाली. गावावर जो दंड बसला त्यातलं एक कलम असं होतं, की विद्यार्थ्यांच्या घरांचं भाडं दहा वर्षं निम्मं घ्यायचं. केंब्रिजला १२३१ साली राजा तिसरा हेन्री यानं गावाला बजावलं, की भाडी भरमसाट झाली आहेत. दोन शिक्षक आणि दोन गावकरी यांनी मिळून ती ठरवावीत. म्हणजे विद्यार्थ्याचं भाडं हा राजाचा आणि पोपचा विषय होता. विद्यार्थी उठून गेले तर विद्यापीठच उठून जाईल, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ही झाली पहिली सोय : सत्तेनं भाडं ठरवणं.

दुसरी सोय आपल्याला ओळखीची वाटेल, कारण ती गुरुगृहाची आहे. १७७० साली एडवर्ड जेनर, पुढे देवीच्या लशीमुळे जगप्रसिद्ध झालेला, ग्लॉस्टरशरच्या खेड्यातून लंडनला शिकायला आला. वय एकवीस. तो शल्यविशारद जॉन हंटर यांच्या घरीच राहिला. हंटर सेंट जॉर्जेस हॉस्पिटलात काम करत. जेवणाच्या टेबलावर, शवविच्छेदनाच्या खोलीत, रात्रीबेरात्री शिक्षण चालू. अशा शिष्याला ‘हाऊस प्युपिल’ म्हणत, म्हणजे घरातला विद्यार्थी. अर्थात ही जागा फुकट नसे आणि सगळ्यांना मिळतही नसे.

ज्यांना ती मिळत नसे ते खोल्या शोधत. कवी जॉन कीट्स १८१५ साली लंडनच्या गायज हॉस्पिटलात दाखल झाला, तो जवळच्या सेंट थॉमस स्ट्रीटवर इतर विद्यार्थ्यांबरोबर राहायचा. पुढे तो ‘ड्रेसर’ झाला, म्हणजे शल्यविशारदाचा मदतनीस. ड्रेसरांची आळीपाळीनं आठवडाभर हॉस्पिटलात मुक्कामाची पाळी असे. रोटेशन म्हणजे तरी काय, पाळीच की!

आणि एक उदाहरण तर आजच्या अवे रोटेशनचं थेट पूर्वज म्हणावं असं आहे. १८२५ साली केंब्रिजचा एक वैद्यकीचा विद्यार्थी हॉस्पिटलातल्या बाहेरच्या शिक्षणाचं वर्ष पुरं करायला एडिंबरोला गेला. त्याचं नाव इरॅस्मस डार्विन. सोबत सोळा वर्षांचा धाकटा भाऊ होता, तोही डॉक्टरकी शिकायला. त्याचं नाव चार्ल्स. दोघा भावांनी विद्यापीठापासून हाकेच्या अंतरावर, ११ लोथियन स्ट्रीट इथे भाड्यानं खोल्या घेतल्या. चार्ल्सचं मन शस्त्रक्रियेत रमलं नाही, हे आपल्याला माहीत आहे. पण राहण्याची अडचण त्यांना आली नाही, आणि त्याचं कारण साधं होतं : वडील रॉबर्ट डार्विन हे श्रूजबरीचे भरभराटीचे डॉक्टर होते. ही तिसरी सोय : घरचा पैसा. ती प्रत्येक काळात चालत आली आहे आणि तिचा इतिहास सांगायला वेळ लागत नाही.

आता चौथी सोय, आणि आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाची. हॉस्पिटलानंच विद्यार्थ्याला खोली देणं.

पॅरिसमध्ये १८०२ साली हॉस्पिटलांसाठी स्पर्धापरीक्षेची पद्धत सुरू झाली. तीत दोन दर्जे होते : एक्स्टर्न आणि इंटर्न. एक्स्टर्न म्हणजे बाहेरचा, जो दिवसा काम करून जातो. इंटर्न म्हणजे आतला, जो हॉस्पिटलाच्या आवारात राहतो. बघा, आज आपण ‘इंटर्नशिप’ म्हणतो तेव्हा डोक्यात अनुभव आणि प्रमाणपत्र येतं. मूळ शब्द राहण्याच्या जागेचा आहे. ‘हाऊस सर्जन’मधलं ‘हाऊस’ तेच. आणि ‘रेसिडेंट’ तर उघडच आहे. १८८९ साली बाल्टिमोरमध्ये जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल सुरू झालं, विल्यम ऑस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे रेसिडेन्सीची पद्धत बसवली. हे तरुण डॉक्टर हॉस्पिटलातच राहत, तिथेच जेवत, आणि बहुतेक अविवाहित असत. मराठीत आपण त्याचं भाषांतर किती अचूक केलं आहे पाहा : निवासी डॉक्टर. आपल्याकडे मार्डच्या संपाच्या मागण्यांत विद्यावेतनाशेजारी वसतिगृहाची मागणी दिसते, तेव्हा ती वेगळी कुठली सवलत नसते. ती त्या पदाच्या नावातच आहे.

हॉस्पिटलातली खोली म्हणजे फार रम्य काही होतं असं समजू नका. पगार नाममात्र किंवा नाहीच. चोवीस तास हाकेला हजर. आणि ज्याला आत घ्यायचं नसेल त्याला नकार द्यायलाही हीच खोली कामाला येई. स्त्रियांना इंटर्न म्हणून घ्यायची वेळ आली की अनेक हॉस्पिटलं सांगत, आमच्याकडे बायकांसाठी वेगळी राहण्याची जागा नाही. विषय संपला! परीक्षेत पहिली आलेली मुलगी खोलीपाशी अडली. कृष्णवर्णीय डॉक्टरांना तर बहुतेक दारं बंदच होती. शिकागोत १८९१ साली डॅनियल हेल विल्यम्स यांनी प्रॉव्हिडंट हॉस्पिटल उभारलं, ते अशा डॉक्टरांना आणि परिचारिकांना शिकायला जागा मिळावी म्हणूनही. ‘जागा’ हा शब्द आम्ही इथे दोन्ही अर्थांनी वापरतो आहोत.

याच काळात अमेरिकेत एक मराठी मुलगी शिकत होती, आणि तिची गोष्ट या विषयात टाळता येणार नाही. आनंदीबाई जोशी १८८३च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा. त्यांना उतरवून घ्यायला थिओडिशिया कार्पेंटर आल्या होत्या. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या या बाईंनी दाताच्या डॉक्टरकडे वाट पाहत बसलेल्या असताना एका मिशनरी नियतकालिकात गोपाळरावांचा पत्रव्यवहार वाचला होता. त्यातून आनंदीबाईंशी पत्रं सुरू झाली, आणि पत्रांतून घर मिळालं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. कॉलेज सुरू होईपर्यंतचे ते महिने त्या कार्पेंटरांच्या घरी राहिल्या.

पुढे फिलाडेल्फियाचं विमेन्स मेडिकल कॉलेज. तिथे अधिष्ठाता रेचल बॉडली यांनी त्यांना मायेनं सांभाळलं, तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्तीही मिळाली. पण राहायला जी खोली मिळाली तिथली शेगडी धड नव्हती. पेटवली तर खोलीभर धूर, विझवली तर फिलाडेल्फियाची थंडी. त्यात अंगावर लुगडं, आहार शाकाहारी, स्वयंपाक आपला आपण. अशा स्थितीत अभ्यास करून ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी घेतली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयानं त्यांचं निधन झालं. खोलीमुळे क्षय झाला, असं आम्ही म्हणणार नाही. इतिहासात एवढी सोपी कारणं शोधू नयेत. पण आनंदीबाईंच्या चरित्रात आपण समुद्र ओलांडल्याची गोष्ट जेवढी सांगतो, तेवढी त्या धुराची सांगत नाही. परक्या गावी शिकणाऱ्याचं शरीर रोज रात्री त्या खोलीत जातं, हे विसरून चालणार नाही.

आणि पाहा, आनंदीबाईंच्या वाट्याला सोयींचे दोन प्रकार आले. एका बाईनं आपलं घर उघडलं, ती आपुलकीची सोय. दुसरी संस्थेची, जी होती पण अपुरी. आपल्याकडे गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्यात माया असे आणि मिंधेपणही असे. दुसऱ्याच्या घरी महिनाभर राहिलेल्या कुणालाही हे दोन्ही समजेल.

आता पुन्हा मुख्य रस्त्यावर येऊ. अमेरिकन डॉक्टरांनी थोड्या मुदतीसाठी परगावी जाऊन शिकण्याची सवय मोठ्या प्रमाणावर लावून घेतली ती व्हिएन्नात. १८७० ते १९१४ या काळात सुमारे पंधरा हजार अमेरिकन जर्मनभाषक विद्यापीठांत वैद्यक शिकून आले असा अंदाज इतिहासकार देतात, आणि त्यात व्हिएन्ना सगळ्यांत पुढे. तिथल्या अफाट सार्वजनिक रुग्णालयात काही आठवड्यांचे खासगी वर्ग चालत. पैसे भरा, शिका, परत जा. आजूबाजूच्या गल्ल्यांत जेवणासह खोल्या देणारी घरं होती. तिथल्या घरमालकिणींच्या लेखी परदेशी डॉक्टर म्हणजे नेहमीचं गिऱ्हाईक. थोड्या दिवसांचा भाडेकरू ही तिथे अडचण नव्हती, तो धंदाच होता. अमेरिकेतल्या शहरांतही तेव्हा अशा खाणावळी-बिऱ्हाडांची रेलचेल होती.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तीन गोष्टी साधारण एकापाठोपाठ घडल्या.

एक, ती खाणावळी-बिऱ्हाडं ओसरली आणि वर्षाच्या कराराचं भाडं रूढ झालं. दोन, निवासी डॉक्टर हॉस्पिटलातून बाहेर पडले. दुसऱ्या महायुद्धानंतर लग्न झालेले, मुलंबाळं असलेले डॉक्टर शिकायला आले. त्यांना कोठीवजा खोली नको होती, पगार हवा होता. मागणी रास्त होती. हळूहळू पगार मिळाला, खोली गेली, आणि उरली फक्त रात्रपाळीला पाठ टेकायची जागा. तीन, १९५२ साली देशभरच्या इंटर्नशिपच्या निवडीसाठी ‘मॅच’ सुरू झाली, आणि पुढच्या दशकांत चौथ्या वर्षात ऐच्छिक पोस्टिंगना जास्त वाव मिळाला. म्हणजे फिरून स्वतःला दाखवण्याची गरज वाढली, नेमकी तेव्हा फिरणाऱ्याची जागा नाहीशी झाली होती.

इथे लक्षात घ्या, कोणी दुष्टपणा केला असं नाही. प्रत्येक बदलाला कारण होतं. पण रेसिडेंटला खोलीच्या बदल्यात पगार मिळाला. पाहुण्या विद्यार्थ्याला पगारही नाही आणि खोलीही नाही. तो तर उलट फी भरून काम करतो. खर्चाची पिशवी हॉस्पिटलाच्या खांद्यावरून उतरली ती थेट त्याच्या खांद्यावर आली.

२०२०च्या साथीत एक प्रयोग आपोआप घडून गेला. अवे रोटेशन जवळपास बंद ठेवण्याच्या शिफारशी आल्या, मुलाखती पडद्यावर झाल्या, आणि तरीही रेसिडेंट निवडले गेले. पुढच्या वर्षी बहुतेकांनी एकच बाहेरचं रोटेशन करावं अशी मर्यादा सुचवली गेली. पण २०२२च्या जानेवारीपासून पहिल्या मोठ्या राष्ट्रीय परीक्षेचे गुण देणं बंद झालं, फक्त पास-नापास उरलं. गुणांचा आकडा गेला, मग माणूस प्रत्यक्ष पाहण्याचं वजन वाढणारच. विद्यार्थी पुन्हा बॅगा भरू लागले.

त्यांनी स्वतः काढलेली वाट मात्र जुनीच आहे. एका शहरातला विद्यार्थी महिनाभर दुसरीकडे जातो, तेव्हा त्याची खोली रिकामी असते. मग त्या गावच्या विद्यार्थ्याशी अदलाबदल. वरच्या वर्गातला खालच्याला घरमालकाचा नंबर देतो. ही पाचवी सोय, बरोबरीच्यांची. आपल्या मराठी मुलांचंही तेच. भारतातून अमेरिकेत इलेक्टिव्ह करायला गेलेली मुलं आधी आत्या, मामा, मग मामाच्या ओळखीचे, मग महाराष्ट्र मंडळातलं कोणी, अशी साखळी लावतात. आनंदीबाईंना मावशी पत्रातून मिळाली, आज फोनवरच्या गटातून मिळते. पण ज्याचा मामा तिकडे नाही त्याचं काय, हा प्रश्न तसाच आहे. अमेरिकेतल्या काही विभागांनी पाहुण्या विद्यार्थ्यांसाठी, विशेषतः ज्यांना आजवर संधी कमी मिळाली त्यांच्यासाठी, राहण्या-येण्याच्या खर्चाची शिष्यवृत्ती सुरू केली आहे. म्हणजे खोली हा शिक्षणाचा खर्च आहे हे तिथे पुन्हा मान्य होऊ लागलं आहे.

शेवटी आपल्या घराकडे पाहू. आपल्याकडे पदव्युत्तर वैद्यकीय विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणं आता सक्तीचं आहे. डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्रॅम त्याचं नाव. पुन्हा तोच शब्द, रेसिडेन्सी! विद्यार्थ्याला तिथे योग्य निवास, गरजेप्रमाणे वाहन आणि सुरक्षा द्यावी, असं नियमातच आहे. आमच्या मते ही ओळ फार महत्त्वाची आहे. बोलोन्यापासून आजपर्यंत सत्तेनं, गुरूनं, हॉस्पिटलानं जी जबाबदारी कधी घेतली आणि कधी सोडली, ती इथे कागदावर घेतली आहे. आता जिल्ह्याच्या गावी रात्री अकराला ड्युटी संपवून परतणाऱ्या मुलीला ती खोली कुठे आहे, दाराला कडी आहे का, पाणी येतं का, हे पाहणं आपलं काम आहे. आनंदीबाईंच्या पुतळ्याला हार घालताना त्यांच्या त्या शेगडीचीही आठवण ठेवू.

इथे थांबतो. तुमच्यापैकी अनेकांनी परगावी पोस्टिंग केल्या असतील, काहींनी आपल्या घरात असे विद्यार्थी ठेवले असतील. प्रश्नोत्तरांत त्या आठवणी जरूर सांगा; या विषयाचा बराचसा इतिहास अजून लिहिलाच गेलेला नाही, तो तुमच्याकडे आहे.